साता आठी किती?

इंग्लंडचे शालेय शिक्षणमंत्री स्टीफन बायर्स १९९८ मध्ये बीबीसीच्या रेडिओवर बोलत होते. प्राथमिक शाळेतल्या मुलांचं गणित कच्चं राहतंय आणि ते पक्कं करायचा सरकारचा निर्धार आहे, असा एकंदर सूर होता. मुलाखत घेणाऱ्यानं मध्येच विचारलं, साता आठी किती? मंत्रिमहोदय म्हणाले, चोपन्न.

पुढच्या मंत्र्यांनी यातून एवढाच धडा घेतला, की उत्तरच द्यायचं नाही. २०१४ मध्ये अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांना टीव्हीवर एका सात वर्षांच्या मुलानं हाच प्रश्न टाकला. देशाचं बजेट मांडणाऱ्या या गृहस्थांनी, असल्या गणितांची उत्तरं द्यायची नाहीत असा आपला नियमच आहे, असं सांगून वेळ मारून नेली. २०१८ मध्ये शिक्षण खात्याचे मंत्री निक गिब देशभरातल्या मुलांची पाढ्यांची चाचणी घ्यायला निघाले होते. त्याबद्दल बोलायला ते टीव्हीवर आले, तेव्हा त्यांना आठ नव्वे विचारण्यात आलं. त्यांनीही हात वर केले. ती चाचणी २०२२ पासून तिथल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलांना सक्तीची झाली आहे. २५ गणितं आणि प्रत्येकाला ६ सेकंद. मंत्र्यांना सूट आहे.

बायर्स ज्या सरकारात होते त्यानं १९९९ च्या सप्टेंबरपासून प्राथमिक शाळांत रोज गणिताचा तास आणला आणि त्यातली पहिली पाच-दहा मिनिटं तोंडी हिशेबाला राखून ठेवली. कल्पना उत्तमच होती. फक्त मराठी माणसाला ती ऐकून जरा गंमत वाटेल, कारण त्याच्या पणजोबांनी हा कार्यक्रम रोज दिवेलागणीला, कुठल्याही अनुदानाशिवाय चालवला होता.

त्याला परवचा म्हणत. पोरांनी हातपाय धुवून देवापुढे बसायचं. शुभंकरोती झालं, महिने झाले, तिथी-नक्षत्रं झाली, की पाढे. बेपासून तीसपर्यंतचे पाढे ही झाली किमान अट. घरातलं माणूस कडक असेल तर पुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि सगळ्यात शेवटी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. शंभरी ओलांडली की आकड्यांची नावंसुद्धा सरळ राहत नसत. सोळा साती 'बारोदरसे', तेरा नव्वे 'सत्रोदरसे', सोळा नव्वे 'चव्वेचाळासे'. एवढं सगळं म्हणून झाल्याशिवाय पान वाढलं जात नसे. त्या पिढीच्या पाठांतराचं श्रेय ब्राह्मी आणि शंखपुष्पीला दिलं जातं, पण भुकेचाही त्यात वाटा असावा.

यात कुणाची हौस नव्हती. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर. दीड आणा शेर भावानं साडेतीन शेर जिन्नस घेतला तर सव्वापाच आणे होतात, हे वाण्यापुढे उभ्याउभ्या कळावं लागे. ते ज्याला कळत नसे त्याला वाणी कळवत असे, पण स्वतःच्या पद्धतीनं. मग १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पाठोपाठ किलो, लिटर आणि मीटर आले आणि औटकी एका फटक्यात बेकार झाली. सरकारी निर्णयानं शाळकरी पोरांचं एवढं भलं क्वचितच झालं असेल. तारीख एक एप्रिलची असल्यामुळे सुरुवातीला त्यांना ते खरं वाटलं नसेल, तो भाग वेगळा.

औटकी गेली तरी पाढ्यांचा धसका राहिला. वास्तविक पाढ्यांचं ओझं एकदा नीट मोजून पाहायला हवं. दहापर्यंतच्या पाढ्यांत शंभर गुणाकार असतात. साता आठी आणि आठ साती एकच, असे जुळे वगळले की ५५ उरतात. एकाचा आणि दहाचा पाढा कुणी पाढ्यांत धरत नाही. ते काढले की ३६. दोनचा आणि पाचचा सुट्ट्या नाण्यांबरोबर आपोआप येतो, राहिले २१. नऊचा बोटांवर निघतो. दोन्ही हात पुढे धरायचे आणि नऊ साती हवं असेल तर डावीकडून सातवं बोट मिटायचं. मिटलेल्या बोटाच्या डावीकडे सहा बोटं, उजवीकडे तीन, उत्तर त्रेसष्ट. तोही वजा केला की शिल्लक अवघी १५. त्यांतले तीन आणि चारचे कुणी फारसे चुकत नाही. खरी अडचण उरते ती सहा गुणाकारांची: सहा सक, सहा साती, सहा आठी, सात साती, साता आठी आणि आठी आठी. जगातली बहुतेक पोरं आणि इंग्लंडच्या तीनपैकी दोन मंत्री अडकतात ते या सहांतच.

हे सहा गुणाकार आठवड्यातून एकदा तासभर घोकावेत की रोज थोडे थोडे? याचं उत्तर हेर्मान एबिंगहाउस या जर्मन गृहस्थानं १८८५ मध्येच देऊन ठेवलं आहे. त्यानं स्वतःलाच विद्यार्थी केलं आणि काही अर्थ नसलेल्या अक्षरांच्या याद्या बसून पाठ केल्या. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करणं म्हणजे काय, हे ज्यानं सतराचा पाढा म्हणणारं पोर पाहिलं आहे त्याला समजावून सांगायला नको. एबिंगहाउसच्या एका मोजमापात आदल्या दिवशी एकदम ६८ वेळा घोकून जे साधलं, तेच तीन दिवसांत विभागून ३८ वेळा घोकल्यावरही साधलं. म्हणजे तीस फेऱ्या वाचल्या. पुढे सव्वाशेहून अधिक वर्षं मानसशास्त्रज्ञ हेच निरनिराळ्या तऱ्हेनं पडताळून पाहत आले आहेत आणि निकाल तोच येतो आहे. शाळेच्या डायरीत बाई लिहून देतात, 'रोज दहा मिनिटं तोंडी गणित घ्यावं', त्यामागे हा एबिंगहाउस उभा असतो. फक्त खाली सही पालकांची लागते.

मग घोडं अडतं कुठे? पोरापाशी तर नाही. दहा मिनिटं कुठलंही पोर बसतं. दहाव्या मिनिटाला थांबणं मोठ्यांना जमत नाही.

डोंबिवलीतल्या कुठल्याही टू बीएचकेत संध्याकाळी साडेसातला डोकावून पाहावं. तिसरीतली कन्या सोफ्यावर मांडी घालून बसली आहे. बाबा मोबाइलवर दहा मिनिटांचा टायमर लावायला घेतात. मोबाइल हातात आल्यावर सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरवरून पेटलेलं भांडण दिसतं. त्यात दोन शब्द लिहिणं भाग असतं. चार मिनिटं तिथे जातात. मग टायमर लागतो.

"सहाचा म्हण."

"सहा एके सहा, सहा दुणे बारा, सहा त्रिक अठरा, सहा चोक चोवीस..."

"असं ओळीनं नको. मधलंच विचारतो. सहा आठी?"

कन्या वर छताकडे पाहते. ओठ हलत असतात. सहा एके सहापासून निघालेली गाडी सगळी स्टेशनं घेत सहा आठीला पोचते. "अठ्ठेचाळीस!"

बाबांचं खरं तर बरोबर चाललेलं असतं. ओळीनं म्हणणाऱ्या पोराला पाढा येतो, पण गुणाकार येतोच असं नाही. उलटसुलट विचारल्याशिवाय ते कळत नाही. पण तेवढ्यात आतून आजोबा येतात. त्यांना औटकी अजून मुखोद्गत आहे आणि १९५७ पासून ती कुणी विचारलेली नाही. ते न विचारता सुरू करतात, "एक औटे साडेतीन, दोन औटे सात..." कन्येला हे फार आवडतं. ती म्हणते, "आजोबा, पुन्हा म्हणा ना!" आजोबा पुन्हा म्हणतात, या वेळी मागून पुढे. पाच मिनिटं खलास. टायमर वाजतो.

इथे थांबायला हवं होतं. पण आईला स्वयंपाकघरातून ऐकू आलेलं असतं, की सहा आठीला पोरगी अडखळली. वर्षभरात स्कॉलरशिपची भाषा सुरू होणार आणि शेजारचा मुलगा तर ॲबॅकसची तिसरी लेव्हल करतो. आई हात पुसत येते, वही काढायला लावते, सहाचा पाढा तीनदा लिहायला सांगते आणि बसलीच आहेस तर इंग्रजीची स्पेलिंगंही करून टाक म्हणते. पेन्सिलीचं टोक तुटतं. शार्पनर सापडत नाही. दहा मिनिटांचा सराव पावणेनऊला संपतो तेव्हा कन्या रडकुंडीला आलेली, बाबा बाल्कनीत आणि आजोबा पाऊणकीपर्यंत पोचलेले.

दुसऱ्या दिवशी कालचं पुष्कळ झालं म्हणून सुट्टी. तिसऱ्या दिवशी पाहुणे. चौथ्या दिवशी शनिवार आणि शनिवारी कुणी पाढे म्हणतं का? चाचणीच्या आदल्या रात्री साडेदहाला मग दोन ते पंधरापर्यंतचा सगळा मामला एकदम काढला जातो. एबिंगहाउसच्या ६८ फेऱ्यांचा प्रयोग महाराष्ट्रात अजून घरोघरी चालू आहे.

या धुमश्चक्रीत कन्येची आणखी एक चूक हमखास होते. सात नव्वे विचारलं की ती बिनचूक 'त्रेसष्ट' म्हणते आणि वहीत ३६ लिहिते. बाबा चिडतात, पण तिचं काही फार चुकलेलं नसतं. कानावर आधी तीन पडलं, मग साठ. तिनं त्याच क्रमानं लिहिलं. त्यात एकोणीस, एकोणतीस अशी एकोणऐंशी, एकोणनव्वदपर्यंत ओळीनं चाललेली मंडळी शंभराच्या उंबरठ्यावर अचानक रीत सोडून 'नव्व्याण्णव' होतात. हे घोळ लक्षात घेऊन २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ तीन' असं वाचन आलं. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण समजावून सांगितली, जुनी नावं काढलेली नाहीत हेही सांगितलं. पण तोवर महाराष्ट्र पेटला होता. एरवी ज्यांना मुलाची तुकडी आठवत नाही त्यांना त्रेसष्टचा अभिमान दाटून आला. विधिमंडळात अजित पवारांनी मुख्यमंत्री फडणवीसांना आता 'फडण दोन शून्य' म्हणायचं का, असा प्रश्न केला आणि पुढचे काही दिवस दुसरीचं गणित राज्यातल्या झाडून सगळ्यांना येऊ लागलं.

नॉर्वेनं हाच खटाटोप १९५१ मध्ये करून पाहिला आहे. तिथेही 'एक आणि वीस' म्हणत. टेलिफोन वाढले, लोक तोंडी नंबर सांगताना आकडे उलटसुलट ऐकू लागले, तेव्हा टेलिफोन खात्याच्या आग्रहावरून सरकारनं 'वीस एक' हा क्रम अधिकृत केला. त्याला सत्तर वर्षं उलटली. पुष्कळ नॉर्वेकर अजूनही बोलताना जुनंच म्हणतात. तिथल्या आज्याही आपल्याच आज्यांसारख्या असणार.

डोंबिवलीतल्या बाबांनी पुढे एक खराखुरा स्टॉपवॉच विकत आणला. त्यांना कुणीतरी जपानबद्दल सांगितलं होतं. जपानी शिक्षक हिदेओ कागेयामा यांनी ह्योगो प्रांतातल्या एका छोट्या गावच्या शाळेत रोज शंभर चौकोनांचा सराव घेतला आणि त्यांचं त्यावरचं पुस्तक २००२ मध्ये जपानभर गाजलं. पद्धत साधी आहे. कागदावर दहा बाय दहाचा तक्ता काढायचा, वरच्या ओळीत दहा आकडे, डावीकडे दहा आकडे, दोन्ही कसेही पिसलेले. जिथे ओळ आणि रकाना मिळतात तिथे उत्तर लिहायचं. शंभर उत्तरं, हातात घड्याळ आणि दोन मिनिटांच्या आत संपवण्याची जिद्द. यातली मेख अशी, की पोरानं शर्यत लावायची ती कालच्या स्वतःशी. काल चार मिनिटं दहा सेकंद लागली, आज चार मिनिटं दोन सेकंद, एवढंच बघायचं.

हे एवढंच बघणं मराठी घराला झेपत नाही. तिसऱ्या दिवशी तक्त्याचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर जातो. नाशिकची मावशी तिच्या मुलाची वेळ कळवते. ती अडीच मिनिटं असते. मग मावशीच्या मुलाला पिसलेले आकडे दिले होते की ओळीनं, यावर दोन्ही घरांत अबोला होतो. इंग्लंडमध्ये सहा सेकंदांच्या चाचणीवर शिक्षक संघटनांनी जो आक्षेप घेतला, की घड्याळानं पोरं बिचकतात, तो इथे लागू पडत नाही. इथे पोरं मजेत असतात. बिचकतात त्या मावश्या.

बरं, हा सगळा सराव करून बाजारात उपयोग होतो म्हणावं, तर तिथेही गंमतच आहे. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या नोबेल मिळालेल्या अर्थशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांबरोबर कोलकात्याच्या आणि दिल्लीच्या बाजारांत भाजी विकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. ही मुलं आठशे ग्रॅम बटाटे आणि एक किलो चारशे ग्रॅम कांद्याचा हिशेब तोंडी करून सुट्टे पैसे हातावर ठेवत होती. तेच गणित शाळेच्या पद्धतीनं कागदावर आलं की अडखळत होती. आणि जी मुलं फक्त शाळेत जात होती त्यांना कागदावरचं येत होतं, पण बाजारातला हिशेब त्यांच्या हातून सुटत नव्हता. पाऊण किलो भेंडीचे किती, हा प्रश्न अजून शिल्लक आहे म्हणजे. औटकीनंतर सत्तर वर्षांनी आजोबांना त्यात थोडी आशा दिसते.

घरी जे दहा मिनिटांत मावत नाही ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मात्र परिपाठात बसवलेलं असतं. प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा आणि पाढा. कुठला पाढा, याचं भांडण नको म्हणून बऱ्याच शाळांनी सोपा नियम ठेवला आहे: आज जी तारीख, तिचा पाढा. त्यामुळे महिन्याची सुरुवात फार आनंदात होते. एक तारखेचा पाढा पहिलीचं पोरही छाती काढून म्हणतं. दहापर्यंत सगळे शूर. तेरा तारखेला रांगेतला आवाज थोडा खाली येतो, सतराला आणखी, आणि एकोणीसला पटावरची काही मंडळी पोटात दुखतंय म्हणून घरी असतात. वीस तारखेला ती सगळी बरी होऊन येतात. फेब्रुवारी हा पोरांचा सगळ्यात लाडका महिना. चार वर्षांतून तीनदा त्यात एकोणतीसचा पाढाच येत नाही.

सगळ्यांनी मिळून पाढा म्हणताना एक प्रकार नेहमी होतो. 'एके'ला छप्पर उडेल असा आवाज असतो, 'दाहे'ला त्याहून मोठा. मधे सक, साती, आठीपाशी निम्मा वर्ग नुसते ओठ हलवतो. जुन्या बाईंना हे पाठ असतं. त्या डोळे मिटून ऐकतात आणि बरोबर 'साती'ला हात वर करून सगळ्यांना थांबवतात. "तू सांग रे, दुसऱ्या रांगेतल्या. सतरा साती?" त्यानं एकशे एकोणीस सांगितलं तर पुढे चालू, नाहीतर उद्या त्याला अठराचा पाढा एकट्यानं. दहा मिनिटांच्या वर यातलं काही जात नाही, कारण दहाव्या मिनिटाला घंटा होते आणि ती शिपाईमामांच्या हातात असते, बाईंच्या नाही.

महिन्याच्या एकतीस तारखेचं काय करायचं, हे नियमात कुठे लिहिलेलं नसतं. तीसच्या पुढचे पाढे कुणी पाठ करत नाही. एखाद्या शाळेत बाई त्या दिवशी डाव उलटा करतात: आज मुलांनी विचारायचं, बाई सांगणार. चौथीतली पोरं आदल्या रात्रीपासून तयारी करून आलेली असतात. पहिलाच प्रश्न सत्तावीस आठी. बाई म्हणतात, दोनशे सोळा. आता हे बरोबर की चूक, कुणाला ठाऊक? सत्तावीसचा पाढा तर कुणालाच धड येत नाही. बाई चुकल्या तर काय बहार होईल, या एकाच आशेनं अख्खा वर्ग पाट्या काढतो. सत्तावीस गुणिले आठ. साता आठी छप्पन, सहा लिहिले, हातचे पाच. आठ दुणे सोळा, सोळा नि पाच एकवीस. दोनशे सोळा. पाट्या पुसल्या जातात. मागच्या रांगेतून दुसरा हात वर येतो.

"बाई, एकोणतीस साती?"